नळी, डोळा आणि शिकाऊ हात

 

फौजेत दुर्बीण म्हणजे दूरचं बघायचं साधन. समोरच्या टेकडीवर हालचाल आहे का, धूर कुठून येतोय, हे तिच्यातून बघायचं. रुग्णालयातली दुर्बीण निराळी. ‘काकांना दुर्बीण घातली’, ‘मावशीचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं’ असं आपण घरोघरी बोलतो. ही दुर्बीण बघते ते वीतभर अंतरावरचं, पण कातडीच्या आड लपलेलं. घशातून किंवा गुदद्वारातून आत जाणारी एन्डोस्कोपी आणि पोटाला छोटी भोकं पाडून केलेली लॅपरोस्कोपी, या दोन्हींना मराठी माणूस एकच नाव देतो, दुर्बीण. इतिहासाच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. दोन्ही एकाच घराण्यातल्या बहिणी आहेत.

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आजचा विषय वेगळा आहे. मी डॉक्टर नाही. मी साधा पदवीधर, आणि सगळी नोकरी सैन्यात झाली. पण सैन्यात एक प्रश्न रोज समोर असतो. हत्यार नवं आलं, ते चालवायला कोणाला शिकवायचं, कोणी शिकवायचं, आणि शिकताना चुकलं तर गोळी कोणाला लागणार? रुग्णालयातल्या दुर्बिणीच्या इतिहासाला मी हाच प्रश्न विचारणार आहे. ही दुर्बीण कोणी शोधली हे पुस्तकांत सापडतं. ती धरणारा हात कसा तयार झाला, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही.

मेणबत्तीपासून तलवार गिळणाऱ्यापर्यंत

सुरुवात होते १८०६ च्या सुमाराला, जर्मनीतल्या फ्रँकफर्टला. फिलिप बोझिनी नावाच्या तरुण डॉक्टरनं एक पेटी बनवली. आत मेणबत्ती, आरसा, आणि पुढे नळी. मेणबत्तीचा उजेड नळीतून शरीरात जायचा आणि दुसऱ्या बाजूनं डोळा लावून बघायचं. या यंत्राला त्यानं ‘लिश्टलायटर’ म्हणजे प्रकाशवाहक असं नाव दिलं. व्हिएन्नातल्या लष्करी वैद्यकीय अकादमीनं त्याची चाचणीही घेतली. पण ते वापरात आलं नाही, आणि १८०९ मध्ये रुग्णांची सेवा करताना टायफसनं बोझिनी गेला. तेव्हा तो पस्तिशीत होता.

पुढे १८६८ मध्ये आडोल्फ कुसमाउल या जर्मन डॉक्टरला जठरात बघायचं होतं. नळी सरळ आणि ताठ. ती घशातून सरळ आत कशी जाणार? त्यानं तलवार गिळणाऱ्या एका खेळकऱ्याला गाठलं. मान मागे टाकून घसा आणि अन्ननलिका एका रेषेत आणायची सवय त्या माणसाला रोजच्या खेळामुळे झालेली होती. कुसमाउलची नळी आत गेली, पण उजेड इतका अपुरा की नीट दिसलं नाही.

ही गोष्ट नेहमी गमतीदार किस्सा म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात दुसरंच दिसतं. कुसमाउलला ठाऊक होतं की ही नळी पहिल्यांदा आत घालायची तर असा माणूस हवा ज्याला इजा होणार नाही. आपला हात बसेपर्यंत साधा रुग्ण समोर नको, ही समज १८६८ मध्येही एका डॉक्टरला होती. पुढच्या शंभर वर्षांत ती अनेकदा विसरली गेली.

एकच डोळा

१९३२ मध्ये रुडॉल्फ शिंडलर या डॉक्टरनं गेओर्ग वोल्फ या कारागिराच्या मदतीनं अर्धवट वाकणारी नळी बनवली. ताठ नळीनं अन्ननलिका फाटायची भीती मोठी होती, ती या नळीनं बरीच कमी झाली. शिंडलरची पत्नी गॅब्रिएला तपासणीच्या वेळी रुग्णाचं डोकं धरायची. डोकं किती वाकवायचं, कधी सैल सोडायचं, यावर तपासणी सुखरूप होणं अवलंबून होतं. म्हणजे नळीइतकंच महत्त्व डोकं धरणाऱ्या सरावलेल्या हातांना होतं. नाझींच्या छळामुळे शिंडलर १९३४ मध्ये जर्मनी सोडून शिकागोला गेला, आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांची एक पिढी त्याच्याकडून हे तंत्र शिकली.

त्यानंतरचं पाऊल एका भारतीयाचं आहे. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी. इंग्लंडला जाण्याआधी ते आपल्या आयुध निर्माणी सेवेत अधिकारी होते. जबलपूरकरांना हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्या शहराची ओळखच मुळी १९०४ च्या गन कॅरेज फॅक्टरीपासून चालत आलेल्या आयुध कारखान्यांची. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात कपानी आणि त्यांचे गुरू हॅरल्ड हॉपकिन्स यांनी काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंचा जुडगा वापरून वाकड्या वाटेनं चित्र नेऊन दाखवलं. त्यांचा लेख जानेवारी १९५४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. तो वाचून बॅसिल हिर्शोविट्झ हा डॉक्टर कामाला लागला, आणि १९५७ मध्ये अमेरिकेत त्यानं पूर्ण लवचिक दुर्बीण तयार केली. पहिल्यांदा ती त्यानं स्वतःच्याच घशात घातली, मग रुग्णाच्या. कपानींना २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

आता नळी वाकू लागली, उजेडही पुरेसा झाला. मग अडचण कुठे राहिली? अडचण अशी की बघायचं भिंग एकच होतं. गुरूनं डोळा लावला तर शिष्याला काही दिसत नाही. शिष्यानं लावला तर गुरू आंधळा. चांदमारीच्या मैदानावर उस्ताद रंगरुटाच्या शेजारी झोपतो, त्याची नेम धरायची पद्धत बघतो, लक्ष्यही बघतो. इथे उस्तादाला लक्ष्यच दिसत नव्हतं. ‘आता काय दिसतंय?’ असं विचारायचं, आणि शिकाऊ डॉक्टर जे सांगेल त्यावर विसंबायचं. पुढे भिंगाला आणखी एक शाखा जोडून दोघांना बघता येईल अशी सोय झाली, पण उजेड दोघांत वाटला जायचा आणि चित्र अंधूक व्हायचं.

ही कोंडी १९८३ मध्ये फुटली. अमेरिकेतल्या वेल्च अॅलन कंपनीनं नळीच्या टोकाशी छोटी इलेक्ट्रॉनिक चकती बसवली आणि चित्र पडद्यावर आणलं. आता गुरू, शिष्य, परिचारिका सगळे एकच चित्र बघू लागले. प्रशिक्षणाच्या दृष्टीनं माझ्या मते हा या इतिहासातला सर्वांत मोठा टप्पा आहे. डोळा सगळ्यांचा झाला. हात मात्र ज्याचा त्याचाच राहिला.

पित्ताशयाची धावपळ

दुसऱ्या बहिणीची, म्हणजे लॅपरोस्कोपीची, गोष्ट अधिक वादळी आहे. स्वीडनचा हान्स ख्रिश्चन याकोबेयस यानं १९१० मध्ये माणसाच्या पोटात अशी नळी घालून पाहिलं होतं. पण पुढची कित्येक दशकं हे तंत्र बहुतेक स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आणि पोटाच्या फिजिशियनांकडे राहिलं. शल्यविशारद त्याकडे बघत नव्हते. मोठा शल्यविशारद मोठा छेद घेतो, अशी त्यांची समजूत होती. १९८० मध्ये जर्मनीतल्या कील इथे कुर्ट झेम या स्त्रीरोगतज्ज्ञानं दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं; दुर्बिणीच्या या नादापायी सहकाऱ्यांनी त्याला त्याआधीच स्वतःच्या मेंदूची तपासणी करून घ्यायला सांगितलं होतं. १९८५ मध्ये एरिख म्यूहे यानं दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, त्याच्याही वाट्याला आधी अविश्वासच आला. १९८७ मध्ये फ्रान्सच्या लियाँमध्ये फिलिप मूरे यानं तेच केलं, आणि त्यानंतर मात्र सगळं जग या तंत्राच्या मागे धावलं.

आपल्याकडची गोष्ट मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातली. डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी तिथे १९७२ मध्ये दुर्बिणीतून पोट तपासायला सुरुवात केली. त्या काळात सरकारी रुग्णालयात सोनोग्राफी नव्हती, सीटी स्कॅन नव्हता. पोटात क्षय आहे की कर्करोग, यकृत कसं आहे, हे कळायला पोट उघडावं लागे. गरीब रुग्णाला तो मोठा छेद म्हणजे कित्येक दिवसांची बुडालेली मजुरी. बोटभर नळीनं तेच काम होत असेल तर छेद कशाला? असा साधा हिशेब. शल्यविशारदांनी हे तंत्र हाती घ्यावं म्हणून त्यांनी लेखही लिहिले. १९९० मध्ये त्यांनी भारतात पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. १९९३ मध्ये अशा शल्यविशारदांची राष्ट्रीय संघटना उभी करण्यात ते पुढे होते, आणि पुढे मुंबईत प्रशिक्षण केंद्र उभारण्यातही. २०१७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. २०२३ च्या जानेवारीत ते गेले.

१९७२ आणि १९९० या दोन सालांमधलं अंतर बघा. अठरा वर्षं. पित्ताशयाला हात लावण्याआधी अठरा वर्षं त्यांचा हात दुर्बिणीवर बसलेला होता. पोटात दिशा कशी ओळखायची, हवा किती भरायची, नळी कुठे टोचायची नाही, हे सगळं त्यांना तपासणी करता करता पाठ झालेलं होतं.

इतर देशांत काय झालं? रुग्णांनी मागणी केली, कंपन्यांनी यंत्रं विकली, आणि अनेक अनुभवी शल्यविशारद दोन दिवसांचं शिबिर करून सोमवारी स्वतःच्या रुग्णालयात कामाला लागले. एक बघायचं, एक करायचं आणि मग दुसऱ्याला शिकवायचं, ही शल्यशास्त्रातली जुनी रीत. उघड्या पोटाच्या शस्त्रक्रियेत ती कशीबशी चालत होती, कारण गुरूचा हात शिष्याच्या हातावर ठेवता येत होता.

परिणाम आकड्यांत दिसला. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या शल्यविशारदांच्या गटांनी १९९१ मध्ये १,५१८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक गटाच्या पहिल्या १३ रुग्णांत पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण होतं २.२ टक्के. त्यानंतरच्या रुग्णांत ते होतं ०.१ टक्का. पित्तनलिकेची इजा ही साधी गोष्ट नाही. माणूस पुन्हा पुन्हा रुग्णालयात येतो, कधी आयुष्यभर. तंत्र तेच, डॉक्टर तेच, यंत्र तेच. फरक एवढाच की रुग्णाचा क्रमांक पहिल्या तेरांत होता की नंतर. १९९२ मध्ये न्यू यॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याला सांगावं लागलं की एकट्यानं शस्त्रक्रिया करण्याआधी किमान पंधरा शस्त्रक्रिया जाणत्याच्या देखरेखीखाली झाल्या पाहिजेत.

ब्रिटननं आरशात पाहिलं

मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीची, म्हणजे कोलोनोस्कोपीची, अशीच कथा ब्रिटनमध्ये घडली. तिथे ९,२२३ तपासण्यांची पाहणी झाली आणि २००४ मध्ये निकाल छापला गेला. दुर्बीण आतड्याच्या शेवटापर्यंत पोचली की तपासणी पूर्ण. डॉक्टरांच्या नोंदींनुसार हे ७६.९ टक्के वेळा झालं होतं. कडक पुरावा मागितल्यावर आकडा ५६.९ टक्क्यांवर आला. आणि पहिल्या शंभर तपासण्या देखरेखीखाली केलेले डॉक्टर होते फक्त १७ टक्के.

त्या देशानं हा अहवाल दडपला नाही. राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रं काढली, शिकवणाऱ्यांना शिकवायला शिकवलं, प्रत्येक शिकाऊ डॉक्टरच्या तपासण्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली. २०११ मध्ये पुन्हा पाहणी झाली, या वेळी २०,०८५ तपासण्यांची. शेवटापर्यंत पोचण्याचं कडक मोजमापानं प्रमाण होतं ९२.३ टक्के. मधल्या काळात नळ्याही थोड्या सुधारल्या, हे खरं. पण ५७ वरून ९२ वर जाण्याचं श्रेय तिथले लोक मुख्यतः प्रशिक्षणाला देतात, आणि मला ते पटतं.

हात का बसत नाही

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पडद्यावर सगळं दिसतंय, नळी पुढे सारायची, त्यात अवघड काय? म्हणून थोडं यंत्राबद्दल सांगतो.

दुर्बिणीची मूठ डाव्या हातात. तिच्यावर दोन चक्रं. मोठं चक्र टोकाला वर-खाली वळवतं, लहान चक्र डावी-उजवीकडे. दोन्ही चक्रं शक्यतो डाव्याच अंगठ्यानं फिरवायची. त्याच हाताच्या बोटांखाली हवा-पाण्याचं आणि शोषून घेण्याचं बटण. उजव्या हातानं नळी पुढे-मागे करायची आणि पिळायची. म्हणजे दोन हात दोन वेगळी कामं करतात, नजर तिसरीकडे पडद्यावर, आणि समोर जागा माणूस उबळी काढतोय. मूठ एकाच मापाची येते. ज्यांचे हात लहान, आणि त्यात अनेक महिला डॉक्टर आल्या, त्यांचा अंगठा लहान चक्रापर्यंत धड पोचत नाही. मग हात दुखतो, मनगट जातं. पण हात लहान म्हणून कोणी शिकाऊ डॉक्टर तक्रार करत नाही, कारण तक्रार करणारा कच्चा ठरतो.

मोठ्या आतड्यात आणखी एक फसवणूक आहे. आतडं पोटात सैल लोंबतं. नळी पुढे सारली की कधी कधी टोक पुढे जातच नाही, मागे नळीचा फास तयार होतो आणि रुग्ण कळवळतो. पडद्यावर हा फास दिसत नाही. हातालाच तो जाणवावा लागतो. आता चुंबकीय यंत्रानं नळीचा आकार दुसऱ्या पडद्यावर दाखवता येतो, पण ते प्रत्येक ठिकाणी नसतं.

लॅपरोस्कोपीत वेगळीच गंमत. पोटाच्या भोकाशी हत्यार टेकतं, त्यामुळे हात उजवीकडे नेला की आतलं टोक डावीकडे जातं. खोली कळत नाही, कारण चित्र सपाट. नाव वल्हवणाऱ्याला हे कळेल. नर्मदेवर ग्वारीघाटला पहिल्यांदा सुकाणू धरणाऱ्याची नाव भलतीकडेच जाते. सवय लागते, पण कोणाच्या तरी नावेत बसून.

जबलपूरचा हिशेब

आता आमच्या गावाकडे येऊ. इथलं नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय १९५५ मधलं. मध्य प्रदेशचं वैद्यकीय विद्यापीठही जबलपूरलाच आहे. राज्यभरातल्या डॉक्टरांच्या परीक्षा इथून चालतात. मंडला, डिंडोरी (नाशिकजवळची दिंडोरी नव्हे), सिवनी, बालाघाट या सगळ्या भागातला गंभीर रुग्ण शेवटी जबलपूरची वाट धरतो. मंडला इथून शंभर किलोमीटरच्या आसपास, डिंडोरी त्याहून दूर.

समजा तिकडच्या एखाद्या गावात रात्री अकरा वाजता एका माणसाला रक्ताची उलटी झाली. दारूनं यकृत गेलेलं असेल तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटलेल्या असतात. दुर्बीण घालून त्या शिरेवर रबरी कडं चढवलं तर रक्त थांबतं. जठरातला व्रण असेल तर सुई किंवा क्लिप लावून थांबवता येतं. पण दुर्बीण चालवणारा हात जबलपूरला किंवा नागपूरला, आणि रुग्ण रस्त्यावर. पोटाचा सुपरस्पेशालिस्ट प्रत्येक जिल्ह्यात पोचायला अजून फार वर्षं लागतील. जिल्हा रुग्णालयात साधा शल्यविशारद मात्र बऱ्याचदा असतो. त्याला दुर्बीण येत असेल तर तो माणूस वाचू शकतो.

पण त्याला ती यावी कशी? एम. एस. सर्जरीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. त्यात हर्निया, अपेंडिक्स, स्तन, जखमा, अपघात, रात्रपाळ्या, प्रबंध. मोठ्या रुग्णालयांत दुर्बिणीची खोली बहुधा पोटाच्या तज्ज्ञांच्या ताब्यात असते, आणि तिथे त्यांचे स्वतःचे विद्यार्थी रांगेत आधी उभे असतात. शल्यचिकित्सेचा विद्यार्थी मागे उभा राहून बघतो. बघण्यानं डोळा शिकतो, हात नाही.

या भांडणाचा इतिहासही मजेदार आहे. दुर्बिणीतून आतड्यातला कोंब काढायचं तंत्र १९६९ मध्ये न्यू यॉर्कच्या वुल्फ आणि शिन्या या शल्यविशारदांनी रूढ केलं. शिरांवर कडं चढवायची युक्ती १९८० च्या दशकात ग्रेग स्टीगमन या शल्यविशारदाची. म्हणजे ज्या खोलीत आज शल्यचिकित्सेचा विद्यार्थी पाहुणा असतो, तिचं निम्मं सामान त्याच्याच पूर्वजांनी आणलेलं आहे. किती तपासण्या केल्या म्हणजे माणूस शिकला, यावरही एकमत नाही. अमेरिकेत शल्यविशारदांच्या मंडळानं ३५ जठराच्या आणि ५० मोठ्या आतड्याच्या तपासण्या मागितल्या, तर एन्डोस्कोपीच्या संघटनेनं योग्यता तपासण्याआधी १३० आणि १४० चा उंबरठा सांगितला. या दोन आकड्यांमधल्या दरीत शिकाऊ डॉक्टर उभा आहे. २०२० मध्ये करोना आला तेव्हा नेहमीच्या तपासण्या महिनोन् महिने बंद पडल्या, आणि एका तुकडीचा मिळत होता तेवढाही सराव गेला.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. शिकाऊ हाताखाली येतो कोण? पैसे मोजणारा माणूस मोठ्या डॉक्टरांचं नाव सांगून वेळ घेतो. शिकाऊ हाताखाली येतो तो, ज्याला दुसरीकडे जाणं परवडत नाही. पहिल्या तेरांतला क्रमांक नेहमी त्याचाच लागतो. मग तोच डॉक्टर शिकून तयार झाला की बहुतेकदा शहरातल्या खासगी रुग्णालयात जातो. गरिबाच्या अंगावर शिकलेलं कसब गरिबाच्या जिल्ह्यात परत यावं, ही अपेक्षा जास्त आहे असं मला वाटत नाही.

निळी पेटी, भोपळा आणि खोका

फौजेनं हा प्रश्न कसा सोडवला? अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या माणसानं १९२९ मध्ये लाकडाची एक पेटी बनवली. आत विमानाची बैठक आणि दांडे. खालच्या भात्यांनी पेटी डुलायची. विकली गेली ती जत्रांमध्ये, मुलांच्या खेळासाठी. १९३४ मध्ये अमेरिकी लष्करी वैमानिकांना टपाल वाहून नेण्याचं काम दिलं गेलं. हवा खराब, आणि उपकरणांवर विसंबून उडण्याचा सराव नाही. काही आठवड्यांत एकामागून एक वैमानिक मेले. मग लष्करानं लिंकच्या सहा पेट्या विकत घेतल्या. आज कुठलाही वैमानिक आधी अशा पेटीत बसल्याशिवाय प्रवासी घेऊन उडत नाही.

ही कल्पना आपल्याकडे त्याहून फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ‘योग्यासूत्रीय’ नावाचा नववा अध्याय आहे. योग्या म्हणजे सराव. छेद घ्यायचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडीवर. शीर टोचायची ती मेलेल्या जनावराच्या शिरेवर किंवा कमळाच्या देठावर. टाके घालायचे जाड-बारीक कापडावर आणि मऊ चामड्यावर. पट्टी बांधायची ती माणसाच्या आकाराच्या पुतळ्यावर. आणि आपल्या विषयाच्या सर्वांत जवळचं म्हणजे सळई आत घालून शोध घेण्याचा सराव, तो किड्यांनी पोखरलेल्या लाकडावर आणि वेळूच्या नळीवर. ज्यानं शास्त्र भरपूर ऐकलं पण सराव केला नाही तो कामाला अयोग्य, असं सुश्रुत ठणकावतो. ‘योग्य’ हा शब्द आपण रोज वापरतो. सरावाशी त्याचं इतकं जवळचं नातं आहे, हे आपल्या ध्यानात नसतं.

सरावाचा फायदा सिद्धही झाला आहे. २००२ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या शल्यचिकित्सकांनी सोळा शिकाऊ डॉक्टर घेतले. काहींना आधी संगणकाच्या आभासी यंत्रावर सराव दिला, काहींना नाही. मग सगळ्यांनी प्रत्यक्ष रुग्णाचं पित्ताशय सुटं केलं. सराव झालेले २९ टक्के अधिक वेगानं काम करून गेले. सराव न झालेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडे डाग बसण्याची शक्यता पाचपट होती.

अशी यंत्रं महाग असतात, हे मला मान्य. पण लॅपरोस्कोपीच्या सरावासाठी एक खोका, दोन भोकं, आत मोबाइलचा कॅमेरा आणि जुनी हत्यारं एवढं पुरतं. खुंट्यांवरची रिंग उचलून दुसऱ्या खुंटीवर ठेवणं, गोल आखलेलं कापड कापणं, आत गाठ मारणं, एवढ्या पाच-सहा कामांवर अमेरिकेतली परीक्षा घेतली जाते, आणि ती पास झाल्याशिवाय तिथे शल्यविशारदाचं प्रमाणपत्र मिळत नाही. असा खोका जबलपूरचा कुठलाही सुतार एका दुपारी बनवून देईल. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२० च्या नियमांनी महाविद्यालयात कौशल्य प्रयोगशाळा बंधनकारक केली आहे. खोली असणं आणि खोलीत रोज संध्याकाळी कोणीतरी सराव करत असणं, या दोन गोष्टी मात्र वेगळ्या. बराकीत शस्त्रागार असतं म्हणून जवान नेमबाज होत नाहीत.

जुन्या पिढीतले शल्यविशारद म्हणतात की खोक्यातून रक्त वाहत नाही, खरं शिक्षण रुग्णापाशीच होतं. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. खोका हाताचं वळण देतो. निर्णय देत नाही. कुठे थांबायचं, कधी मोठ्यांना हाक मारायची, हे रुग्णाशेजारीच कळतं. पण म्हणूनच सुरुवातीची धडपड खोक्यात उरकून यावी. रुग्णाशेजारची अनमोल वेळ चक्रं फिरवायला शिकण्यात घालवू नये. कोऱ्या काडतुसांनी आणि लहान बोअरच्या रायफलीनं हात बसवल्यावरच जवानाला खरी गोळी देतात. त्यामुळे त्याला लढाईचा अनुभव येत नाही हे खरं, पण शेजारचा जवान सुखरूप राहतो.

आणि सरतेशेवटी उस्ताद. फौजेत उस्ताद म्हणून नेमण्याआधी त्याचा स्वतंत्र कोर्स होतो. चांगला नेमबाज म्हणजे चांगला उस्ताद, असं आम्ही धरत नाही. ब्रिटननं डॉक्टरांच्या बाबतीत हेच केलं आणि फळ मिळवलं. आपल्याकडे ज्याचा हात चांगला त्यालाच गुरू मानतात. त्याला शिकवण्यासाठी वेगळा वेळ नाही, बढती नाही, शाबासकी नाही. दिवसाला चाळीस तपासण्या उरकायच्या असतील तर तो शिकाऊ डॉक्टरच्या हातातून नळी काढून घेणारच.

२०२१ च्या तुकडीपासून एम. एस. च्या विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात राहून काम करावं लागतं. माझी सूचना साधी आहे. तिथे जाण्याआधी त्याचा हात खोक्यावर बसलेला असावा, जठराच्या ठरावीक तपासण्या देखरेखीखाली झालेल्या असाव्यात, आणि त्यांच्या वहीवर सही करणाऱ्यानं त्या खरोखर पाहिलेल्या असाव्यात. मंडला-डिंडोरीच्या रुग्णालयांत दुर्बीण नुसती कपाटात न राहता चालू लागायची असेल तर सुरुवात इथूनच होईल.

तुम्ही-आम्ही काय करायचं? कधी शिकवणाऱ्या रुग्णालयात दुर्बीण घालायची वेळ आली, तर शिकाऊ डॉक्टरला नाकारू नका. त्यानं शिकावं यातच पुढच्या रुग्णाचं भलं आहे. फक्त एवढं विचारा, ‘डॉक्टर, सर शेजारी उभे राहणार आहेत ना?’ हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि खरं सांगायचं तर त्या तरुण डॉक्टरच्या मनातही तोच प्रश्न असतो, त्याला विचारता येत नाही एवढंच.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.